जुना माग मोडल्याचा दाखला

मला नोकरी लागली ती मंदीमुळे. हे मी आजवर कुणाजवळ सरळ बोललो नाही, पण खरं तेच आहे.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मॅट्रिक होऊन मी सौंसरला घरी बसलो होतो. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. मीही शाळेतच चिकटावं असं त्यांना वाटे, पण जागा निघत नव्हती. त्या वर्षी कापडाचा बाजार एकाएकी बसला. लढाईच्या काळात हातमागाचं जे कापड लोक रांगा लावून नेत, ते आता कुणी हातात धरून पाहीना. गिरणीचं धोतर स्वस्त झालं होतं. दुकानांतून लुगड्यांच्या थप्प्या पडून राहिल्या आणि कोष्ट्यांना सूत पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांनी हात आखडले. सौंसरच्या कोष्टीपुऱ्यात घरटी एक माग होता. बघता बघता बहुतेक बंद पडले. तेव्हा सरकारनं मदतीची कामं काढली, आणि ती चालवायला चार अक्षरं येणारी माणसं लागली. कोष्ट्यांचं काम गेलं म्हणून मला काम मिळालं.

आमच्या घरामागची गल्ली कोष्ट्यांचीच. परसदारासमोर एक उतारवयाचं जोडपं राहायचं. मी त्यांना काका-काकू म्हणायचो. काकांचा माग खड्ड्याचा होता. खोलीच्या मधोमध कमरेइतका खोल खड्डा, त्यात पाय सोडून काठावर बसायचं आणि समोर उभ्या धाग्यांचा ताणा पसरलेला. ते करवती काठाची, म्हणजे काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेली लुगडी विणत. त्यांच्या हातचा काठ उलटसुलट सारखाच दिसे, आणि नागपूरच्या बायका दुकानात जाऊन तोच मागतात, असं व्यापारी सांगत. काका फार कमी बोलत. त्यांच्या वाटचं काकू बोलून घेत. दारात बसून सुताच्या कांड्या भरता भरता त्या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलत, पण हात थांबत नसे. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी शाळेतून येताना दिसलो की हाक मारायच्या, "बाबू, आज काय शिकवलं रे तुले?" आणि मी जे सांगेन ते काकांना पुन्हा मोठ्यानं सांगायच्या, जणू ते तिथे नव्हतेच.

माझी पहिली नेमणूक रस्त्याच्या कामावर झाली. सौंसरहून पांढुर्ण्याकडे जाताना जामसांवलीचा फाटा ओलांडला की पुढचा तुकडा गिट्टी टाकून पक्का करायचा होता. लोकांनी दगड फोडून गिट्टीचे ढीग लावायचे, ओव्हरसियरनं लाकडी पेटीनं ते मोजायचे आणि मी हजेरी भरायची. आसपासच्या खेड्यांतल्या मजूर बाया तिथे सकाळपासून हातोडी चालवत. त्यांना ते काम ठाऊक होतं. कोष्टी पहिले तीन-चार दिवस आलेच नाहीत. मग एक-दोन करत येऊ लागले, आणि एका सकाळी पाहतो तर काकू पुढे आणि काका मागे, चालत येत होते.

काकांनी हातोडी दोन्ही हातांनी धरली. इतक्या सांभाळून, की शेजारच्या बायांना हसू आवरेना. दुपारपर्यंत त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं फुटली. काकूंनी पदराची चिंधी फाडून बांधली. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा काका हात पालथा-उताणा करून बघत होते. बारीक सुताचा धागा तुटला की तो बोटांच्या टोकांनीच शोधावा लागतो. डोळ्यांना तो दिसत नाही. एवढं मला लहानपणापासून माहीत होतं.

"बाबू," काकू म्हणाल्या, "सरकार दगड देऊन राहिलं, तं सूत काऊन नाही देत? आमी का फुकट मागून राहिलो?"

मी म्हणालो, "वर लिहितो, काकू."

"लिही बाप्पा. तुले लिवता येते."

मी खरंच लिहिलं. ओव्हरसियरच्या हाताखाली असताना परस्पर नागपूरला अर्ज करणं नियमात बसत नव्हतं, तरी केला. उत्तर यायला वेळ लागणार हे उघड होतं. तोवर काका रोज येत राहिले. त्यांचा ढीग संध्याकाळी पेटी भरेल इतका कधी व्हायचा नाही आणि पेटी भरली नाही तर दिवसाची मजुरी लागायची नाही. मी काही करू शकत नव्हतो, कारण मोजणारा दुसरा होता. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की शेजारची एक मजूर बाई ओव्हरसियर यायच्या आधी आपल्या ढिगातली पाटीभर गिट्टी उचलून काकांच्या ढिगावर ओतते आणि काही न बोलता परत जाऊन बसते. पहिल्या दिवशी हसणाऱ्यांतली ती एक होती. दुसऱ्या दिवशी दुसरीनं पाटी ओतली. त्यांच्यात तसं ठरलं असावं. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्या कामावर माझ्या हातून झालेली चांगली गोष्ट तेवढीच.

पुढल्या वर्षी नागपूरहून उत्तर आलं, ते कागदानं नाही; हातमाग खात्याचे साहेबच आले. हातमागासाठी नवी योजना निघाली होती. माझा अर्ज वाचून आले की नाही, देव जाणे, पण त्यांनी मला बोलावून घेतलं आणि खात्यात सुपरवायझर म्हणून लावलं. साहेब तरुण होते, भले होते, भरभर बोलत. कोष्टीपुऱ्यातल्या मारुतीच्या पारावर सगळ्यांना बसवून त्यांनी योजना सांगितली. विणकरांची सोसायटी होईल. सरकार नव्या पद्धतीचे लाकडी चौकटीचे माग देईल. त्यांवर उभ्या उभ्या किंवा बाकावर बसून विणता येतं, काम दुप्पट होतं आणि पाठ मोडत नाही. सूत दर महिन्याला नागपूरच्या गोदामातून मिळेल. तयार कापड सरकारच घेईल, इस्पितळांच्या चादरींसाठी आणि वसतिगृहांसाठी. व्यापाऱ्याच्या दारात जायला नको.

अट एकच होती. एका घरात एकच माग. जुना माग मोडून खड्डा बुजवल्याचा दाखला सुपरवायझरनं दिल्याशिवाय नवा माग मिळणार नव्हता. तसं पाहिलं तर त्या खोल्यांत दोन माग मावतच नव्हते.

तरुण कोष्टी लगेच तयार झाले. म्हातारे घुटमळले, आणि ते सगळे काकांकडे पाहू लागले. त्यांनी होकार दिला तर गल्ली हलणार होती. साहेब जाताना मला म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला समजवा. ते तुमचं ऐकतील."

मी गेलो. काका खड्ड्याच्या काठावर बसले होते. मागावर ताणा नव्हता, नुसतेच बसले होते. मी सगळं पुन्हा सांगितलं, साहेबांनी सांगितलं त्याहून चांगलं सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"सूत बंद झालं तं?"

"सरकारचं सूत कसं बंद होईल, काका? व्यापारी आहे का तो?"

काकू म्हणाल्या, "बाबू म्हणते तं खरंच असन. तो आपल्याले खोटं कायले सांगन?"

मी खोटं सांगत नव्हतो. माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. आज मागे पाहताना तेच जास्त लागतं. खोटं बोललो असतो तर निदान स्वतःला दोष देऊन मोकळा झालो असतो.

दोन दिवसांनी खड्डा बुजवला. नदीकाठची माती काकूंनी टोपलीनं आणली, मीही चार टोपल्या वाहिल्या. काकांनी आधी जुन्या मागाची लाकडं एकेक करून सोडवली. त्यांतलं एक आडवं लाकूड त्यांच्या आज्याच्या वेळचं होतं, घासून घासून शिंगासारखं गुळगुळीत झालेलं. ठेवायला जागा नव्हती. पावसाळ्यात ती लाकडं चुलीत गेली. खड्डा भरून वर शेणानं सारवल्यावर काका त्या जागी जाऊन उभे राहिले. मी दाखल्यावर सही केली. माझ्या नावाचा नवा शिक्का आला होता, तो मारला.

पुढची तीन वर्षं खरंच बरी गेली. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर गोष्ट अर्धी होईल. दर महिन्याला मी नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं नागपूरला जायचो, गोदामातून सुताच्या गाठी ताब्यात घ्यायचो, गाडीत टाकायचो आणि सौंसर स्टेशनवर सोसायटीचे लोक बैलगाडी घेऊन उभे असायचे. गल्लीत पुन्हा खटखट सुरू झाली. काकूंनी दाराला नवा रंग दिला. काकांना नवा माग आवडला नव्हता, पण त्यांनी तसं कधी म्हटलं नाही. जाड सुताची पांढरी चादर विणायला त्यांच्यासारखा हात लागत नव्हता. कुणीही विणली असती. एकदा त्यांनी एका चादरीला दोन्ही बाजूंनी लाल धाग्याचा बारीक काठ घातला. ती गोदामातून परत आली. वर चिठ्ठी होती की नमुन्याप्रमाणे नाही. मी चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा काकू खूप हसल्या.

"म्हटलं होतं मी यायले! सरकारले काठ नाही पायजे. दवाखान्यात मरून राहिलेल्या माणसाले काठ काय करायचा?"

काकाही हसले. त्यांना तसं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

मग राज्यं बदलायची बोलणी सुरू झाली. आमच्याकडे घराघरांत तोच विषय. नागपूर आमची राजधानी. सौंसरच्या निम्म्या घरांच्या लेकी नागपूर, काटोल, वरूडकडे दिलेल्या. आजारी माणूस नागपूरला न्यायचं, लग्नाचा बस्ता नागपूरला बांधायचा. भाषा आपली मराठी, म्हणजे आपण नागपुराबरोबरच जाणार, असं बरेच जण धरून चालले होते. वडील रोज वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत आणि शेजारची दोन-चार माणसं ओट्यावर बसून ऐकत. शेवटी एक दिवस त्यांनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं. छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला होता, आणि त्याबरोबर सौंसर आणि पांढुर्णाही. आता राजधानी भोपाळ. ओट्यावरच्यांपैकी कुणीही त्या वेळपर्यंत भोपाळ पाहिलेलं नव्हतं.

छप्पनच्या नोव्हेंबरात मी नेहमीप्रमाणे सूत आणायला नागपूरला गेलो. साहेबांच्या खोलीत कपाटं उघडी होती, फायली सुतळीनं बांधून जमिनीवर रचल्या होत्या. साहेब मला पाहून उठले. नेहमी उठत नसत.

"बसा," म्हणाले. "तुमची तहसील आता आमच्याकडे नाही हो."

"ते माहीत आहे, साहेब. पण या महिन्याचं सूत तर मंजूर आहे."

"मंजूर होतं. ते मंजूर करणारं राज्यच आता नाही." हे बोलताना त्यांचा चेहरा ओशाळा झाला होता.

मी गोदामात गेलो. गोदामवाला ओळखीचा होता. त्यानं मला आत नेलं आणि एका कोपऱ्यात बोट दाखवलं. आमच्या सोसायटीच्या नावाची पाटी बांधलेल्या गाठी तिथे तयार ठेवल्या होत्या. मी जवळ जाऊन एका गाठीवर हात ठेवला.

"घेऊन जा म्हणू शकत नाही," तो म्हणाला. "हे सूत आता मुंबई राज्याचं आहे. सीमेपलीकडे द्यायचं तर तिकडून मागणी यावी लागेल. तुमच्या भोपाळहून."

"भोपाळला कुणाला सांगू? तिथे आमचं कुणी नाही."

"माझा भाऊ तिकडे गेला आहे बदलीवर. त्यालाही अजून टेबल मिळालेलं नाही," तो म्हणाला आणि त्यानं मला चहा पाजला.

परतीच्या गाडीत मी रिकाम्या हातानं बसलो. सौंसरला गाडी लागली तेव्हा ऊन होतं. बैलगाडी घेऊन चौघे उभे होते, त्यांत काकाही. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली उतरून सगळं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. एक जण म्हणाला, "म्हणजे पुढच्या महिन्यात?" मी म्हणालो, "हो, पुढच्या महिन्यात." आम्ही रिकाम्या बैलगाडीत बसून गावात आलो.

पुढच्या महिन्यात काही झालं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी भोपाळला अर्ज पाठवले. पहिला मराठीत होता, तो हिंदीत लिहून पाठवा म्हणून परत आला. हिंदीत पाठवला तेव्हा त्यांनी सोसायटीची मूळ फाइल मागितली. फाइल नागपुरात. नागपूरला लिहिलं तर कळलं की त्या फायली वाटणीसाठी दुसरीकडे गेल्या आहेत. साहेबांचीही बदली झाली होती. मला विचारलं गेलं होतं की मुंबई राज्यात जायचं की इथेच राहायचं. वडील थकले होते, घर इथे, म्हणून मी इथेच राहिलो. पगार दोन महिने उशिरा का होईना, येत होता. गल्लीतून जाताना त्याची मला लाज वाटे आणि मी दुसऱ्या वाटेनं फिरून घरी जाऊ लागलो.

शेवटी मीच भोपाळला जायचं ठरवलं. काकूंनी सांगितलं, "यायले घेऊन जा. कापड पाहिलं तं समजन त्यायले." काका चादरी नेणार असं मला वाटलं होतं. त्यांनी पेटीतून जुनं, विकायचं राहिलेलं करवती काठाचं लुगडं काढलं आणि धुतल्या धोतरात बांधून घेतलं. सौंसरहून बसनं पांढुर्णा आणि तिथून मोठ्या गाडीनं भोपाळ. गाडीत काका खिडकीशी बसून राहिले. इटारसी गेल्यावर एवढंच म्हणाले, "लय दूर हाय."

भोपाळात ऑफिस शोधायलाच अर्धा दिवस गेला. एका जुन्या इमारतीच्या व्हरांड्यात टेबलं लावून कारकून बसले होते. भिंतीला लागून पार छपरापर्यंत फायलींचे गठ्ठे. आमच्या कामाच्या बाबूनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"देखिए भाईसाहब," तो म्हणाला, "आपकी बात सही है. लेकिन जब तक फाइल नहीं आती, मेरे कागज़ पर आपकी सोसायटी है ही नहीं. जो है ही नहीं, उसको सूत कैसे दूँ?"

"माणसं आहेत ना," मी म्हणालो. मराठीतच बोललो ते लक्षात आलं तेव्हा तेच हिंदीत पुन्हा म्हणालो.

त्यानं दोन्ही हात पसरले. त्याच्याही हातात काही नव्हतं. ते दिसतच होतं.

तेवढ्यात काकांनी व्हरांड्याच्या कडेला गाठोडं सोडलं आणि लुगडं उलगडून काठ वर धरला. जाणारे-येणारे थांबले. एका गृहस्थानं वाकून पदर हातात घेतला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि विचारलं, "कितने का है, बाबा?"

काका गडबडले. मग म्हणाले, "इकायले नाही आणलं जी. दाखवायले आणलं."

त्या माणसाला ते कळलं नाही. तो हसून निघून गेला. बाबूनं मात्र खुर्चीतून उठून येऊन लुगडं पाहिलं आणि "बहुत बढ़िया" म्हणाला. काकांनी घडी घातली. व्हरांडा मळका होता म्हणून घडी हवेत धरूनच घातली. मी दुसरं टोक धरलं होतं.

परत आल्यावर काही दिवसांनी काकू आमच्या परसदारी आल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"बाबू, एक विचाराचं होतं. लुगड्याले एक-दोन घरं तयार हायेत. पांढुर्ण्याचा एक व्यापारी थोडं सूत देतो म्हणे, पण बारीक. ते या नव्या मागावर यायच्यानं जमून नाही राहिलं. खड्डा पुन्हा खांदून घेतो म्हणतात. पण त्यावर तुमचा माग उभा हाय. तो काढून भाईर ठेवला तं चालन का?"

मला उत्तर ठाऊक होतं. माग सोसायटीचा, म्हणजे सरकारचा. सुपरवायझरच्या ताब्यातला. वरच्या लेखी हुकमाशिवाय हलवला तर तो मोडला असं धरलं जाणार आणि जबाब मला द्यावा लागणार. आणि वरचा म्हणजे कोण, तेच ठरायचं होतं. मी हे सगळं काकूंना सांगितलं. सांगताना माझाच आवाज मला त्या भोपाळच्या बाबूसारखा वाटला.

त्यांनी नीट ऐकलं.

"आमी तसाच काढला तं तुझी नोकरी जाईन का?"

"जाऊ शकते, काकू."

"मंग राहू दे," त्या म्हणाल्या. रागानं नाही. एखाद्याला वाढायला गेलं आणि तो नको म्हणाला की आपण जसे म्हणतो, तसं म्हणाल्या. आणि परत गेल्या.

मी त्यांना थांबवायला हवं होतं. काढा माग, पुढचं मी पाहीन, एवढं म्हणायला हवं होतं. तेव्हा माझं लग्न ठरलं होतं, वडील शाळेतून निवृत्त झाले होते. ही कारणं खरी आहेत. ती मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहेत की आता त्यांत काही उरलं नाही. त्या दुपारी मी परवानगीसाठी आणखी एक अर्ज लिहिला, छिंदवाड्याला एक आणि भोपाळला एक, आणि पोस्टात टाकून आलो.

त्या उन्हाळ्यात पुन्हा रस्त्याचं काम निघालं. काका गेले नाहीत. काकू आठ दिवस गेल्या आणि तापानं पडल्या. पाऊस लागायच्या आधी काकूंचा नागपूरचा भाचा येऊन दोघांना घेऊन गेला. जाताना काकांनी घराची किल्ली मला दिली. "माग आत हाय," म्हणाले. "पाणी गळते त्या कोपऱ्यात. पाहशील." मी पावसाळाभर कोपऱ्यात पातेलं ठेवत गेलो.

परवानगीचा कागद त्यानंतर जवळजवळ वर्षानं आला. छिंदवाड्याहून, हिंदीत, टाइप केलेला. सदर विणकरानं माग आपल्या सोयीप्रमाणे हलवण्यास हरकत नाही. सोबत सुताची मागणीही विचाराधीन असल्याचं कळवलं होतं. तो खिशात घालून मी पहिल्या गाडीनं नागपूरला गेलो.

भाच्याच्या घरी काकू होत्या. त्यांनी मला काका असतात त्या दुकानात पाठवलं. कापडाचं मोठं दुकान होतं. गादीवर बायका बसल्या होत्या आणि काका त्यांच्यापुढे लुगडी उलगडून दाखवत होते. नापसंत झालं की घडी घालायची आणि पुढचं उलगडायचं. गिरणीचीच होती बहुतेक. मला पाहून त्यांनी मालकाला विचारलं आणि बाहेर आले. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, शिक्क्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचला, मराठीत करून.

"चांगलं लिवलं हाय," ते म्हणाले.

"याल का काका परत?"

त्यांनी आपली बोटं माझ्यापुढे धरली. फुटलेल्या जागी कातडी जाड होऊन बसली होती. "बारीक धागा आता लागून नाही राहिला," म्हणाले. "डोळ्यालेही कमी दिसते." आतून हाक आली तसे ते गेले.

सौंसरला येऊन मला त्या कागदाला उत्तर द्यायचं होतं. मी लिहिलं की संबंधित विणकर आता गावात राहत नाही. त्यावर एक गाडी आली, माग सुटा करून तहसिलीच्या कोठीत नेऊन ठेवला आणि मी पोचपावतीवर सही केली. सोसायटी पुढे कागदावर आली, तोवर गल्लीतले बहुतेक माग असेच कोठीत गेले होते आणि माणसं नागपूर, कामठीकडे पांगली होती.

काका दोनेक वर्षांनी गेले. मला कळलं तेव्हा तेरवी होऊन गेली होती. काकूंना भेटायला गेलो तर त्या भाच्याच्या नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रडल्या नाहीत. माझ्या बायकोचं, मुलीचं विचारलं, वडिलांच्या तब्येतीचं विचारलं. मग म्हणाल्या, "तुझी बदली झाली म्हणे?"

"हो काकू. बैतूलला."

"दूर हाय का लय?"

"नाही. पांढुर्ण्याहून सरळ गाडी आहे."

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला सांगायला आत वळल्या.